दहा फळ्या आणि एक खिडकी

आमच्या दुकानाला शटर कधीच नव्हतं. फळ्या होत्या. मोजून दहा. सकाळी एकेक फळी वरच्या खाचेत उचलायची, खालच्या खाचेतून बाहेर ओढायची आणि आत भिंतीला टेकवून ठेवायची. रात्री उलट क्रमाने परत लावायच्या, मग आडवा लोखंडी अडसर आणि त्याला कुलूप. फळ्या हाताने तासलेल्या, त्यामुळे कुठलीही फळी कुठेही बसत नाही. प्रत्येकीच्या डोक्यावर पांढऱ्या रंगात आकडा घातलेला आहे, १ ते १०. लहानपणी सुट्टीत पुण्याला आलो की फळ्या क्रमाने लावणं हे माझं काम असायचं. पहिलं सॉर्टिंग मी तिथे शिकलो, असं मी नोकरीच्या इंटरव्ह्यूमध्ये गमतीने सांगायचो.

नारायण पेठेतलं हे किराणा दुकान पणजोबांनी सुरू केलं आणि आजोबांनी चालवलं. मोठे काका ते रेटत राहिले आणि शेवटी त्यांनी बंद केलं. पाच वर्षं कुलूप होतं. वाड्याचा तळमजला आजोबांनी सत्तरच्या दशकात मालकाकडून विकत घेतला होता, म्हणून निर्णय आमच्याच घरात व्हायचा होता. मोबाइलचे कव्हर विकणारा एक जण चांगलं भाडं द्यायला तयार होता. त्याची अट एकच, फळ्या काढून काचेचं दार लावायचं. त्याच वेळी माझी चुलतबहीण, आमची ताई, भाजणी, मेतकूट, थालिपिठाची पीठं असं काहीतरी सुरू करायला जागा शोधत होती. मी दोन नोकऱ्यांच्या मध्ये होतो आणि हातात अडीच महिने होते. बाबा म्हणाले, "दुरुस्ती करून बघा. जमलं तर ताईला, नाही तर मोबाइलवाल्याला."

माझा इतिहासाशी संबंध दहावीत संपला होता. मी हे काम एखादा जुना कोडबेस साफ करायचा तसं घेतलं. नको ते काढायचं, तुटलेलं जोडायचं आणि वेळेत द्यायचं. पण जुन्या कोडबेसमध्ये जे होतं तेच इथे झालं. एखादी विचित्र ओळ दिसते, ती काढावीशी वाटते, आणि काढायला गेलं की कळतं, ही कुणीतरी कशासाठी तरी लिहिली होती.

भिंत

पहिला धडा गवंडीकाकांनी दिला. दुकानाच्या मागच्या भिंतीला कायम ओल असायची. पंधरा-वीस वर्षांपूर्वी काकांनी त्यावर सिमेंटचा गिलावा करून घेतला होता आणि ओल आणखी वाढली होती. मला वाटलं, वॉटरप्रूफिंग करू. गवंडीकाका हसले. म्हणाले, "सिमेंटनंच घोटाळा केलाय."

जुन्या वाड्यांच्या भिंती विटा, माती आणि चुन्याच्या असतात, आत सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा असतो. जमिनीतून ओल थोडी वर चढतेच. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो, त्यातून ती वाफ होऊन बाहेर पडते. वरून सिमेंट थापलं की बाहेर पडायची वाट बंद होते. मग पाणी आतच राहतं आणि शेवटी खांबाचं लाकूड कुजवतं. पुण्यातल्या कितीतरी वाड्यांचे खांब असे आतून गेले आहेत. त्यात १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याची भर. भाडी जुन्या आकड्यांवर गोठली, तेवढ्या भाड्यात मालकाला डागडुजी परवडेना आणि भाडेकरू दुसऱ्याच्या घरावर खर्च करेना. पेठांमधले वाडे कोसळण्यामागे पावसाचा जितका हात आहे, तितकाच या न परवडणाऱ्या डागडुजीचाही आहे.

तर सिमेंट काढायचं ठरलं. चुना विकत आणून आठवडाभर पाण्यात भिजवला. त्यात वाळू, थोडं गुळाचं आणि हिरड्याचं पाणी. गूळ भिंतीत घालतात हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. रोज संध्याकाळी अंगाला चुन्याचा वास घेऊन मी घरी जायचो आणि आजी म्हणायची, "तुझ्या आजोबांच्या अंगाला हिंगाचा यायचा."

सिमेंट उतरवताना दुसऱ्या दिवशी मधल्या खांबावर, माझ्या हाताला जेमतेम पोचेल इतक्या उंचीवर, एक आडवी कोरलेली रेघ सापडली. तिच्या बाजूला चाकूने कोरलेला आकडा होता : १२-७-६१.

पूर

पुण्यात वाढलेल्या कुणालाही ही तारीख सांगावी लागत नाही. मी वाढलो नागपुरात, बाबांच्या नोकरीमुळे. माझ्यासाठी 'पानशेत' हे वीकेंडला जायचं ठिकाण होतं.

१२ जुलै १९६१, बुधवार. आंबी नदीवरचं पानशेत धरण अजून पुरतं बांधून झालेलं नव्हतं, तरी त्या पावसाळ्यात त्यात पाणी भरलं गेलं होतं. सकाळी ते फुटलं. सगळं पाणी खाली खडकवासल्यात आलं. खडकवासल्याचं धरण १८७९चं, दगडी, पण एवढ्या लोंढ्यासाठी केलेलं नव्हतं. तेही फुटलं. मुठेच्या दोन्ही काठांवर, नारायण पेठ, शनिवार पेठ, कसबा, पलीकडे डेक्कन, पाणी घराघरांत शिरलं. लकडी पूल पाण्याखाली गेला. दिवस होता म्हणून असंख्य लोक पळू शकले. रात्री धरण फुटलं असतं तर काय झालं असतं, हे वाक्य मी त्या अडीच महिन्यांत पेठेतल्या किमान दहा म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलं.

पाणी ओसरल्यावर शहरात वीज नव्हती आणि नळाला पाणी नव्हतं, कारण पुण्याचं पाणी खडकवासल्यातूनच यायचं. पुराने घरं वाहून नेलेल्या शहरात प्यायला पाणी नाही, ही त्यातली सगळ्यात विचित्र गोष्ट. तेव्हा जुन्या विहिरी उपसल्या गेल्या आणि पेशव्यांच्या काळातल्या कात्रजच्या नळाचे हौद पुन्हा कामाला आले. दोनशे वर्षांपूर्वीच्या व्यवस्थेवर एक आधुनिक शहर काही काळ तगलं. आमच्या भाषेत सांगायचं तर मुख्य सर्व्हर गेला आणि कुणीतरी बंद न केलेला जुना बॅकअप चालू निघाला.

घरं गेलेल्यांसाठी अर्धगोल पत्र्यांच्या निसन हट उभ्या राहिल्या, पुढे पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या. आज आपण 'पानशेत पूरग्रस्त वसाहत' असा पत्ता रिक्षावाल्याला सहज सांगतो. साठ वर्षांपूर्वीचा एक बुधवार त्या पत्त्यात अजून आहे.

आमच्या दुकानातून त्या दिवशी धान्य, तेलाचे डबे, तागडी आणि सात नंबरची फळी गेली. आता मला कळलं की सात नंबरची फळी वेगळी का आहे. बाकीच्या नऊ सागवानी आहेत, ही पॅकिंगच्या खोक्यांच्या लाकडाची. तिच्यावरचा ७ हा आकडाही वेगळ्या हातचा आहे, थोडा तिरका. तो आजोबांचा. तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते, माझ्यापेक्षा एक वर्षाने लहान.

वही

आमच्या घरात पुराची एक गोष्ट आहे. प्रत्येक लग्नात, प्रत्येक श्राद्धाला मोठे काका ती सांगतात. पुरात उधारीची वही वाहून गेली. लोक विचारायला आले, "आमचं किती देणं होतं?" आजोबा म्हणाले, "नदीने फेडलं. आता तुमचं-माझं काही नाही." सगळी उधारी त्यांनी सोडून दिली. या ठिकाणी काका थांबतात आणि ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. माझेही यायचे.

माळा साफ करताना एका पत्र्याच्या पेटीत मापं सापडली आणि मापांच्या खाली लाल कापडी बांधणीची एक वही. पहिल्या पानावर 'श्री', खाली तारीख : २४ जुलै १९६१. पुराच्या बाराव्या दिवशी सुरू केलेली खतावणी.

आधी मापांविषयी, कारण त्याशिवाय वही समजत नाही. निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. प्रत्येक पायरी बरोबर दुप्पट. मी ती मापं जमिनीवर ओळीने मांडून बघतच बसलो. हे तर बायनरी आहे. निम्मं करणं आणि दुप्पट करणं या दोन क्रिया कुठल्याही निरक्षर माणसाला डोळ्यांनी तपासता येतात, म्हणून बाजाराने ही पद्धत शतकानुशतकं टिकवली असावी.

ही सगळी दुनिया नेमकी त्याच वर्षांत मोडीत निघत होती. १ एप्रिल १९५७ला रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर 'नये पैसे' झाले. १ ऑक्टोबर १९५८पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आला. ऐंशी तोळ्यांचा वजनी शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. म्हणजे शेराच्या जागी किलो आला की भाव थोडा चढलेला दिसणार, आणि गिऱ्हाईक म्हणणार, वाण्याने मारलं. आजी सांगते, तेव्हा आजोबांचा अर्धा दिवस लोकांना शेर आणि किलो समजावण्यात जायचा.

आता वही. मी ती उघडली ती एका उदार माणसाचा नवा हिशेब बघायला. पहिल्याच पानावर वर लिहिलं होतं : 'जुनी येणी, आठवणीने.' खाली नावं. त्रेसष्ट नावं. प्रत्येक नावापुढे आकडा.

आजोबांनी उधारी सोडून दिली नव्हती. त्यांनी ती बारा दिवसांत आठवून आठवून पुन्हा लिहून काढली होती.

मला आधी फसवल्यासारखं वाटलं. मग मी आकडे नीट बघायला लागलो, कारण आकडे बघणं हे मला येतं. प्रत्येक नावापुढे दोन रकाने होते. एकावर 'मा.', दुसऱ्यावर 'त्यां.' माझा आकडा आणि त्यांचा आकडा. आजोबांना जे आठवत होतं ते पहिल्यात, गिऱ्हाईक जे सांगत होतं ते दुसऱ्यात. आणि तिसऱ्या रकान्यात, जिथून पुढचा जमाखर्च सुरू होतो, तिथे प्रत्येक वेळी दुसरा आकडा उतरवलेला होता. त्यांचा.

पहिल्या रकान्यात आणखी एक गंमत होती. रुपयांच्या पुढचे पैसे बघितले तर सारखे तेच तेच आकडे यायचे : १९, ३१, ३७, ४४, ६९. सुटे पैसे असे नेमकेच का? नव्या पैशांचं सरकारी कोष्टक शोधलं तेव्हा उलगडा झाला. तीन आणे म्हणजे १९ नये पैसे, पाच आणे ३१, सहा आणे ३७, सात आणे ४४, अकरा आणे ६९. नवे पैसे येऊन चार वर्षं झाली होती, तरी आजोबांच्या डोक्यातली वही अजून आण्यांतच होती. लिहिताना ते एकेक रक्कम बदलून उतरवत होते. त्रेसष्ट घरांची देणी, आण्यांत, तोंडपाठ. मला माझ्या बायकोचा फोन नंबर पाठ नाही.

बहुतेक नावांपुढे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे होते. नऊ ठिकाणी त्यांचा आकडा मोठा होता. म्हणजे गिऱ्हाईकाने स्वतःहून सांगितलं होतं की तुम्हाला आठवतंय त्यापेक्षा माझं देणं जास्त आहे. चार ठिकाणी दुसऱ्या रकान्यात एकच शब्द होता, 'नाकबूल'. त्यांच्यापुढे तिसरा रकाना कोरा. त्यातलं एक आडनाव आमच्या फार जवळच्या घराचं आहे. ते मी कुणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

पुढची पानं म्हणजे पेठेच्या पांगण्याचा नकाशा होता. 'हल्ली गोखलेनगर.' 'हल्ली पर्वती.' 'हल्ली भावाकडे, सातारा.' नावाखाली दोन-दोन रुपये जमा होत गेलेले. शेवटचा जमा १९६७मधला. लांब गेलेली माणसं सहा वर्षं येऊन पैसे देऊन जात होती. आणि वहीच्या मागच्या बाजूला आजोबांचं स्वतःचं देणं : भवानी पेठेतल्या तीन घाऊक व्यापाऱ्यांची नावं. तो भाग नदीपासून लांब आणि उंचावर, पुरातून वाचलेला. त्यांनी आजोबांना उधारीवर माल दिला होता, म्हणून आजोबा पुढे देऊ शकले. काकांच्या गोष्टीत एक मोठ्या मनाचा माणूस होता. वहीत भवानी पेठेपासून निसन हटपर्यंत पोचलेली विश्वासाची साखळी होती, आणि तिच्यात आजोबा एक कडी होते.

मी वही घेऊन आजीकडे गेलो. तिला सगळं माहीत होतं.

"मग काकांची ती गोष्ट?"

"अरे, तो सांगतो ते छान वाटतं ऐकायला. सोडून दिली असती तर आम्ही काय खाल्लं असतं? तुझा काका तेव्हा दीड वर्षाचा. दूध फुकट यायचं होय?"

"मग तू इतकी वर्षं काही बोलली का नाहीस?"

"लग्नकार्यात कशाला?"

खिडकी

इथे हा लेख संपला असता तर बरं झालं असतं. घरी सगळे खूश होते. वही काचेत घालून दुकानात ठेवायची असं ठरलं. ताईने तर 'आठवणीने' हेच दुकानाचं नाव ठेवायचं म्हटलं.

मग गल्लीकडच्या भिंतीचा गिलावा उतरवताना गवंडीकाकांनी मला हाक मारली. तिथे विटांची रचना बदलत होती. आजूबाजूच्या विटा लहान आणि पातळ, जुन्या घडणीच्या. मध्ये मात्र साधारण दीड फूट रुंद, दोन फूट उंच असा चौकोन मोठ्या विटांनी भरलेला. वर लाकडी पाटणी तशीच. "खिडकी होती," ते म्हणाले. "पण बघा ना, किती खाली आहे. माणूस आत बघायला वाकेल."

ती खिडकी दुकानाच्या ओट्याच्या बाजूला नव्हती. मागच्या गल्लीत होती, जिथून तेव्हा वाड्यांची सफाई करणारी माणसं ये-जा करायची. मला अंदाज आला होता. तरी मी आजीला विचारलं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मामंजींच्या वेळची. ती माणसं ओट्यावर चढायची नाहीत. तिथून माल द्यायचा. पैसे पाटणीवर ठेवायचे, त्यांच्यावर पाणी शिंपडून घ्यायचं. मी लग्न होऊन आले तेव्हाही होतं."

आजीचं लग्न १९५८चं.

मी तो आकडा बाकीच्या आकड्यांशेजारी ठेवून बघितला. गंज पेठेतल्या स्वतःच्या घरचा हौद महात्मा फुल्यांनी १८६८मध्ये अस्पृश्यांना खुला केला. ते घर आमच्या दुकानापासून पायी अर्ध्या तासाच्या आत आहे. पर्वतीच्या देवळात प्रवेश मिळावा म्हणून १९२९मध्ये सत्याग्रह झाला. पर्वतीची टेकडी आमच्या गच्चीवरून दिसायची म्हणतात. १९५०ची राज्यघटना. तिच्या पंधराव्या अनुच्छेदात, कुणालाही कुठे जायला आडकाठी करता येणार नाही याची जी यादी आहे, ती देवळापासून सुरू होत नाही. शाळेपासूनही नाही. ती सुरू होते 'दुकाने' या शब्दापासून. मग १९५५चा अस्पृश्यता अपराध कायदा, ज्याने हाच भेद शिक्षापात्र केला. आणि त्यानंतर तीन वर्षांनी माझी आजी नवी नवरी होऊन या घरात आली, तेव्हा गल्लीतली खिडकी चालू होती.

"मग बुजवली कधी?"

"पुरात चौकट वाहून गेली. नवी करायला पैसे कुठे होते? विटा पडल्या होत्या सगळीकडे, ह्यांनी त्याच लावल्या."

मला हवं असलेलं उत्तर वेगळं होतं. मला वाटत होतं, ती म्हणेल की आजोबांना पटत नव्हतं, म्हणून त्यांनी बुजवली.

"आणि नंतर?" मी विचारलं.

"नंतर सगळे पुढूनच यायला लागले. एकदा बुजल्यावर परत उघडा म्हणायला कुणाला तोंड नव्हतं. मामंजी थोडे कुरकुरले. पण तेव्हा सगळी पेठच चिखलात उभी होती. कोण कुठल्या बाजूने उभा आहे ते कोण बघणार?"

उधारी

घरात दोन तट पडले. मोठ्या काकांचं म्हणणं सरळ होतं : परत गिलावा करा आणि विसरा. "आपल्याच भिंतीवर आपलीच बदनामी कशाला लावायची? तेव्हा सगळीकडे असंच होतं." ताईचं म्हणणं, वही काचेत ठेवायची असेल तर खिडकीही दिसली पाहिजे. एक ठेवायची आणि एक झाकायची, हे काही खरं नाही. मी मधल्या मध्ये. मला खरं तर प्रोजेक्ट वेळेत संपवायचा होता.

बाबांनी त्यांच्या ओळखीतल्या एका सेवानिवृत्त बँक अधिकाऱ्यांना बोलावलं. त्यांची आजी नगरपालिकेत झाडूकामाला होती आणि आमच्याच पेठेत तिची पाळी असायची. हे बाबांना त्यांच्या बोलण्यातून फार वर्षांपूर्वी कळलं होतं. तेव्हा बाबांनी विषय बदलला होता, हेही त्यांनी मला आता सांगितलं.

ते आले. आधी खांबावरची पुराची रेघ बघितली. मग वही. त्यांनी ती बराच वेळ, चष्मा लावून, नावांवर बोट ठेवत शेवटपर्यंत वाचली.

"छान ठेवलाय हिशेब," ते म्हणाले. "आमचं नाव नाही यात."

मी म्हटलं, कदाचित पुराच्या वेळी काही बाकी नसेल.

"बाकी कशी असेल? आम्हाला उधारी नव्हती. आधी पाटणीवर पैसे, मग माल. आजी सांगायची, खिडकीवर उधार नसतं."

मी त्या वहीवर तीन आठवडे घालवले होते. रकाने जुळवले, आण्यांचं कोडं सोडवलं, पांगलेल्या पेठेचा नकाशा गूगल मॅपवर ठिपके टाकून तयार केला. त्रेसष्ट नावं होती, आणि चौसष्टावं नाव का नाही हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. डेटामध्ये जे आहे त्यावरच मी खूश होतो. उधारी म्हणजे गरिबाला दिलेली सवलत असं मी धरून चाललो होतो. पण उधारी आधी विश्वास मागते, आणि दुकानदार कुणावर विश्वास ठेवणार हे ओट्यावर कोण उभा राहू शकतो त्यावरून ठरत होतं. ज्या वहीत आजोबांनी गिऱ्हाईकाचा शब्द स्वतःच्या आठवणीपेक्षा खरा मानला, त्या वहीत शिरायलाच काही माणसांना वाट नव्हती. आजोबा दोन्ही होते. रकान्यात लोकांचा आकडा उतरवणारेही तेच, आणि पुरापर्यंत ती खिडकी चालू ठेवणारेही तेच.

काकांनी शेवटी विचारलंच. "तुम्हीच सांगा, ठेवू का बुजवू?"

त्यांनी खिडकीच्या चौकोनाकडे बघितलं. म्हणाले, "ठेवा. पण तिला वारसा म्हणू नका."

चहा झाला. जाताना त्यांनी ओट्यावरून रस्त्यावर उतरताना खांबाला हात टेकवला, वयामुळे. मी उगाचच ते बघत राहिलो.

दुकान

दुकान आता सुरू आहे. ताईने त्याचं नाव 'आठवणीने' ठेवलं नाही. पणजोबांची पाटी होती तीच घासून लावली. मागची भिंत चुन्याची आहे आणि या पावसाळ्यात ओल आली नाही. नऊ फळ्यांना तेलपाणी केलं, सात नंबरची कीड लागून अर्धी गेली होती, तिला खालून जोड दिला. वरचा तिरका ७ तसाच आहे. मापं कपाटात आहेत. शाळेतली मुलं आली की ताई त्यांना चिपट्याने तांदूळ मोजायला लावते आणि किती चिपट्यांची पायली, असं विचारते. सोळा. बहुतेक जण चुकतात.

खिडकीतल्या विटा काढल्या नाहीत. फक्त गिलावा त्यांच्या कडेपर्यंत आणून थांबवला, म्हणजे तो चौकोन दिसतो. आजीचंच म्हणणं तसं होतं. ती म्हणाली, बुजवली होती हेही दिसू दे आणि होती हेही दिसू दे.

बाजूला लहान पाटी लावायची ठरली. मजकूर काकांनी लिहिला, हे मी मुद्दाम सांगतो. त्यांनी तीन वाक्यं लिहून आणली : 'त्या काळी या खिडकीतून काही गिऱ्हाइकांना माल दिला जात असे. त्यांना दुकानाच्या ओट्यावर चढू दिलं जात नसे. त्यांना उधारी मिळत नसे.'

आजीने कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला आणि माझ्याकडे पेन मागितलं. पहिले दोन शब्द खोडले आणि त्या जागी '१९६१पर्यंत' असं लिहिलं.

"का गं?" काकांनी विचारलं. "त्या काळीच होतं ना?"

"त्या काळी म्हणजे कधी?" आजी म्हणाली. "मी होते की तिथे."